पाच पायऱ्यांवरचं दार: ओटी, उंबरठा आणि आमच्या घराचा एक वाद

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आज इतिहास आहे, पण राजे-महाराजे कमी आणि पायऱ्या जास्त.

सुरुवात आमच्या घरातल्या भांडणापासून करते. आम्ही नवीन पनवेलमध्ये एका जुन्या रो-हाऊसमध्ये राहायला आलो. आधीच्या मालकानं ते पाडून स्प्लिट-लेव्हल करून घेतलं होतं. म्हणजे काय? दार उघडलं की तुम्ही कुठेच नसता! एक छोटासा चौकोन, चार फूट बाय सहा फूट. तिथून पाच पायऱ्या वर गेलात की हॉल. चार पायऱ्या खाली उतरलात की एक खोली, जिथे मी लॅपटॉप घेऊन बसते. वर आणि खालीच्या मध्ये लटकलेला तो चौकोन म्हणजे आमचा एंट्रन्स.

दिवाळी जवळ आली आणि फॅमिली ग्रुपवर चर्चा सुरू झाली, या एंट्रन्सचं करायचं काय. दादानं फोटो टाकले: मोठा आरसा, खाली अरुंद टेबल, त्यावर पितळी उरळीत पाकळ्या. आईला गणपतीची टाइल हवी होती. बाबांना चपलांचं कपाट, बंद दाराचं. मी म्हटलं, सेन्सरचे लाइट लावू, ॲपवर चालणारे. सगळ्यांनी इमोजी टाकले, निर्णय कुणीच घेतला नाही.

आणि मग आजी. वय चौऱ्याऐंशी, माहेर अलिबागकडचं. ती त्या चौकोनात काठी टेकवून उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं आणि एवढंच म्हणाली, "पण बाय, येणाऱ्यानं बसायचं कुठे?"

त्या प्रश्नानं मला महिनाभर कामाला लावलं. दाराजवळच्या जागेला आपल्याकडे एवढी नावं का आहेत? अंगण, खळं, पायरी, जोतं, पडवी, ओसरी, ओटी, देवडी, उंबरठा. इंग्रजीत एक शब्द वापरून आपण मोकळे होतो, आणि मराठीत डझनभर शब्द. जिथे शब्द जास्त, तिथे काहीतरी मोठं घडत असणार ना?

पनवेल हाच एक उंबरठा

आधी गावापासून सुरू करू. आज पनवेल म्हटलं की हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन, एक्स्प्रेसवे आणि ट्रॅफिक आठवतं. पण हे जुनं बंदर आहे. मुंबईहून पुण्याला जायचं तर एके काळी लोक होडीनं पनवेलच्या खाडीत यायचे, बंदरावर उतरायचे आणि तिथून बैलगाडी, घोडा, पालखी, ज्याला जे परवडेल त्यानं बोरघाट चढायचे. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि ही वाहतूक वाढली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. महानगरपालिका व्हायला मात्र २०१६ उजाडलं.

पुढे १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, पण ती कल्याण-कर्जतमार्गे. त्यामुळे पुण्याला जाणारा प्रवासी पनवेलला उतरायचा बंद झाला. बंदराचं महत्त्व ओसरलं.

आता नकाशा आडवा न बघता उभा बघा. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथून पन्नास-एक किलोमीटरवर लोणावळा, सुमारे ६२० मीटर उंचीवर. म्हणजे हा अख्खा प्रदेशच स्प्लिट-लेव्हल आहे! खाली कोकण, वर देश, आणि मधली पायरी म्हणजे आमचं गाव. बंदरावर उतरलेला माणूस घाट चढण्याआधी इथे थांबायचा, जेवायचा, जनावरांना पाणी पाजायचा. येणाऱ्यानं बसायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे गाव होतं.

घराला एवढ्या पातळ्या कशाला?

कोकणातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. आधी अंगण, काही ठिकाणी त्याला खळं म्हणतात. मध्ये तुळशी वृंदावन. मग जांभ्या दगडाचं जोतं, म्हणजे घराचा चौथरा. दोन-तीन पायऱ्या चढलात की पडवी. पडवीतून आणखी एक पायरी चढून ओटी. ओटीवरून उंबरठा ओलांडला की माजघर. पुढे देवघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. नावं आणि क्रम गावागणिक थोडे बदलतात, पण पातळीचा नियम तोच: जसजसं आत जाल, तसतसं थोडं थोडं वर.

हे कुणी सौंदर्यासाठी केलं नाही. रायगडात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. अंगणात पाणी साचणार हे ठरलेलंच. म्हणून जोतं. वाऱ्याबरोबर पाऊस तिरका आत येणार, म्हणून उतरत्या छपराची पडवी. ती भिजली तरी चालेल, ओटी कोरडी राहिली पाहिजे. ओटीपर्यंत ओल आली तरी माजघरातलं भात कोरडं राहिलं पाहिजे, कारण ते वर्षभराचं अन्न. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगते: हे बफर आहेत. एक भरला तर दुसरा सांभाळून घेईल.

त्यात जमीन उताराची. डोंगर कापून सपाट करायला तेव्हा जेसीबी नव्हता. मग घरच उताराप्रमाणे पायरी-पायरीनं बसवायचं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, तेव्हा १९५० आणि ६० च्या दशकांत उताराच्या प्लॉटवर स्प्लिट-लेव्हल घरं खूप लोकप्रिय झाली. प्रागमध्ये आडोल्फ लोस या आर्किटेक्टनं १९३० साली पूर्ण केलेलं व्हिला म्युलर हे घर तर या विषयात प्रसिद्धच आहे. तिथे प्रत्येक खोलीची उंची वेगळी, पातळी वेगळी. दार छोटंसं, मग अरुंद जिना आणि एकदम मोठा दिवाणखाना. आर्किटेक्चरची मुलं ते कौतुकानं शिकतात, शिकावंच. पण आजीच्या माहेरच्या घरात हेच होतं, आणि ते बांधणाऱ्या गवंड्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

एक फरक मात्र महत्त्वाचा. अमेरिकन घरांच्या एका प्रकारात दार थेट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडतं. ना वर, ना खाली. आमच्या घरासारखं! तिथे दोन माणसं चपला काढायला लागली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. कोकणातल्या घरात पातळ्या होत्या, पण प्रत्येक पातळी बसण्याजोगी होती. पडवीत इरली टांगायला खुंट्या, कोपऱ्यात पाय धुवायला पाणी. ओटीवर झोपाळा. भिंतीत कोनाडा, त्यात संध्याकाळी दिवा. आज आपण ज्याला डेकोर म्हणतो, त्यातली प्रत्येक वस्तू तिथे कामाला जुंपलेली होती.

वाड्याचं दार: आधी संशय, मग स्वागत

घाट चढून पुण्यात गेलात की दाराचा सूर बदलतो. शनिवारवाडा घ्या. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. त्याच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर मोठे टोकदार खिळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. आपण तिथे सेल्फी काढतो, पण ती सजावट नव्हती, ती फायरवॉल होती. दरवाज्यातून आत शिरल्यावर वाट लगेच वळते, म्हणजे धावत आलेल्या शत्रूचा वेग मोडतो. वर नगारखाना.

साध्या सरदाराच्या, सावकाराच्या वाड्यातही याचीच छोटी आवृत्ती. मोठ्या दरवाज्याच्या फळीत एक छोटा दिंडी दरवाजा. रोजची ये-जा त्यातून. तो इतका बुटका की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि वाकलेला माणूस तलवार चालवू शकत नाही. आत दोन्ही बाजूंना देवड्या, पहारेकऱ्यांच्या. मग चौक आणि समोर काही पायऱ्यांवर सदर, जिथे मालक बसणार. चौकटीच्या वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती, म्हणून ती गणेशपट्टी. आईला हवी असलेली टाइल म्हणजे या गणेशपट्टीचीच नात.

रांगोळी, तोरण आणि फरशी

आता सजावटीकडे येऊ, कारण भांडण त्यावरून होतं.

उंबरठा. या शब्दाचं नातं उंबराच्या झाडाशी जोडतात. जाड लाकडाचा, जमिनीपासून वर आलेला, म्हणजे पाणी, केर आणि सरपटणारे प्राणी आत येऊ नयेत. त्याला रोज हळद-कुंकू, बाजूला रांगोळी. नवी सून माप ओलांडते ते इथेच. १९८२ साली जब्बार पटेलांनी स्मिता पाटील यांना घेऊन घराबाहेर पडणाऱ्या बाईचा सिनेमा केला, त्याचं नावही 'उंबरठा'. दुसरं कुठलं नाव शोभलंच नसतं.

रांगोळी. आज पिशवीत मिळते. आधी शिरगोळ्याचा पांढरा दगड कुटून तिची पूड करायचे. भाताच्या भागात तूस जाळून उरलेली पांढरी राखही वापरायचे. खाली शेणानं सारवलेली गडद जमीन, वर पांढरी रेघ. काँट्रास्ट मोड! आपल्या चकचकीत पांढऱ्या टाइलवर पांढरी रांगोळी दिसत नाही आणि पाय मात्र हमखास घसरतो.

तोरण. आंब्याची पानं जुनी. पण मध्ये गुंफलेला झेंडू? दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही, तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी समुद्री वाटा उघडल्यानंतर तो इकडे आला. म्हणजे ज्याला आपण आपली प्राचीन परंपरा म्हणतो, त्यातलं सगळ्यात उठून दिसणारं फूल पाहुणा म्हणून आलंय. दाराशी आलं, कुणीतरी बसायला जागा दिली, आणि घरचं झालं.

कौलं आणि फरशी. पूर्वी कुंभारानं घडवलेली नळीची कौलं असायची. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर ती चपटी, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं पसरली. पडवीचं छप्पर बदललं. मग आली नक्षीदार सिमेंटची फरशी. आधी श्रीमंतांकडे विलायती टाइल्स यायच्या. १९२२ साली स्वदेशीच्या वातावरणात भारत फ्लोअरिंग टाइल्सचा कारखाना सुरू झाला, आणि कुठे? आमच्या शेजारच्या उरणमध्ये! जुन्या घरांच्या दाराशी ती फुलाफुलांची थंडगार फरशी दिसली तर एकदा खाली वाकून बघा. ती स्वातंत्र्यलढ्याच्या काळातली असू शकते.

इथपर्यंत लिहून मी खूश होते. छान एपिसोड, मस्त फोटो. मग आजीला वाचून दाखवलं.

तीन पायऱ्या

आजीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण ओटीवर कोण बसायचं ते नाही सांगितलंस."

मंडळी, इथे थोडा इतिहास लागेल. कोकणात खोती होती. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा. कागदावर मधला माणूस, प्रत्यक्षात गावाचा मालक. शेत कसणारी कुळं आपल्या भाताचा मोठा वाटा त्याच्या दारात नेऊन टाकायची. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते. शेतकऱ्यांनी शेतच कसायचं नाही असं ठरवलं, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! कुळांनी लाकडं तोडली, मिळेल ती मजुरी केली, अर्धपोटी राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्यानं गेली ती मात्र १९४९ मध्ये.

आजी तेव्हा आठ वर्षांची. म्हणजे तिनं खोती डोळ्यांनी पाहिलेली आहे. माझे पणजोबा कूळ होते. ती सांगते, "बाबाबरोबर भात घालायला गेले होते. बैलगाडीतून पोती उतरवली, अंगणात रचली. खोत ओटीवर झोपाळ्यावर. मधे पडवी, मोकळी, सावलीची. आम्ही उन्हात. बाबानं टोपी हातात धरलेली. मोजणी संपेपर्यंत उभा. मी पायरीवर बसले तर बाबानं दंड धरून उठवलं. खोत काही बोललाच नाही. त्याला बोलावंच लागलं नाही."

मग म्हणाली, "तीनच पायऱ्या होत्या. पण बाबा कधी चढला नाही."

मी पातळ्यांना बफर म्हटलं होतं ना? ते अर्धंच खरं होतं. त्या परमिशन लेव्हल पण होत्या. अंगणापर्यंत कोण, पडवीपर्यंत कोण, ओटीवर कोण, माजघरात कोण आणि देवघरात कोण. प्रत्येक पायरी म्हणजे एक लॉगिन, आणि पासवर्ड होता जात, जमीन आणि बाई की बुवा. कुठेही पाटी नव्हती. पायरीच पाटी.

हे फक्त घरात नव्हतं. पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी पहिली पायरी आहे, नामदेव पायरी. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. एकानं पायरी आपणहून निवडली, दुसऱ्याला ती ओलांडूच दिली नाही. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्याला तीन महिने उरले होते, बघा.

आणि त्याच्या कितीतरी आधी, १८६८ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. भाषण देणं वेगळं, आणि 'माझ्या दारात या आणि पाणी घ्या' म्हणणं वेगळं. दाराची याहून चांगली सजावट महाराष्ट्रात कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

मग मी नको तो प्रश्न विचारला

मला राग आला होता, पणजोबांसाठी. त्या तावात मी आजीला विचारलं, "आणि आपल्या घरात? आपल्या ओटीवर सगळे यायचे?"

आजी बराच वेळ गप्प. फॅनचा आवाज येत होता.

"कातकरीण यायची," ती म्हणाली. "मोळी घेऊन. कधी करवंदं. अंगणात बसायची, पायरीखाली. पाणी मागितलं की मी वरून तिच्या ओंजळीत ओतायची. तांब्या नाही द्यायची हातात."

"का?"

"सासू तसंच करायची. मी कधी विचारलंच नाही का ते." आणि मग हळूच, "माझ्या बापाला उभं केलं ते लक्षात राहिलं. मी कुणाला खाली बसवलं ते आत्ता आठवतंय बघ."

हा भाग रेकॉर्डिंगमध्ये ठेवू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "ठेव. नाहीतर फक्त खोतच वाईट वाटेल."

आपलं आजचं अंगण

सोपं आहे म्हणायला, की ते जुनं होतं, गेलं. पण मी आमच्या दाराकडे नीट बघायला लागले.

आमचं घर जिथे आहे तिथे भातशेती होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पनवेल-उरण-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. म्हणजे आमचा तो चार बाय सहाचा चौकोनसुद्धा कुणाच्या तरी खळ्यावर उभा आहे.

याच नव्या शहरात चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या काळात बेलापूरची कमी उंचीची वसाहत उभी केली, जिला आपण आर्टिस्ट व्हिलेज म्हणतो. साधारण सात घरांचा गट, मध्ये सामायिक अंगण, सुमारे आठ मीटर बाय आठ मीटर. कुणाचं अंगण? सगळ्यांचं. गंमत म्हणजे त्याच कोरियांनी मुंबईत पेडर रोडजवळ कांचनजंगा ही उंच इमारत केली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली, आणि तिच्यात स्प्लिट-लेव्हल फ्लॅट आणि दोन मजली उंचीच्या गच्च्या आहेत. पावसापासून आणि पश्चिमेच्या उन्हापासून घर वाचवणारी पडवीच ती, फक्त आकाशात. एकच माणूस, एकच जुनी कल्पना, पण एक दार श्रीमंतांचं आणि एक साध्या माणसांचं.

आणि आपण? कितीतरी सोसायट्यांमध्ये कामवाल्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट असते. पावसात भिजत आलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाकडून आपण दार अर्धवट उघडून पाकीट घेतो, ओटीपी सांगतो आणि दार लावतो. मी स्वतः हेच करते. वर हॉलमध्ये कॉल चालू असतो, तो खाली चौकोनात उभा, आणि मध्ये पाच पायऱ्या. पणजोबांना तीनच होत्या.

शेवटी काय केलं

आता तुम्हाला निकाल सांगते, कारण इंजिनिअर आहे, नुसतं भावनिक होऊन चालत नाही.

आधी वाटलं रॅम्प करू, आजीसाठी. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे अडीच फूट चढ. सुरक्षित रॅम्पला एकास बारा उतार धरतात. म्हणजे अडीच गुणिले बारा, तीस फूट लांबी. आमचं अख्खं घर तेवढं नाही. कटाप.

मग जे जमण्यासारखं होतं ते केलं. आरसा रद्द. टेबल रद्द. त्या जागी भिंतीला लागून जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर कडप्प्याची लादी, दीड फूट उंच, दोन माणसं बसतील एवढी. तिच्याखाली चपला. वर ओळीनं लाकडी खुंट्या, छत्र्या आणि रेनकोट टांगायला. इरली गेली, खुंट्या परत आल्या. जिन्याला हाताला गरम लागेल असा लाकडी कठडा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला गडद पट्टी, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही पायरी कुठे संपते ते कळतं. सेन्सरचा लाइट माझा हट्ट म्हणून लागला, पण ॲपशिवाय. कोनाड्यात दिवा. आईची गणपतीची टाइल चौकटीवर, अगदी गणेशपट्टीच्या जागी. रांगोळी दाराबाहेर, वाटेच्या एका बाजूला, म्हणजे कुणी घसरणार नाही. तोरणात झेंडू अर्थातच.

आणि कोपऱ्यात तिवईवर माठ, त्यावर झाकण, पेला. ही आजीची अट. पेला साखळीनं बांधायचा का, असं बाबा म्हणाले, अगदी निरागसपणे, चोरीला जाईल म्हणून. आजीनं त्यांच्याकडे फक्त बघितलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुरियरवाला दादा आला. त्याला म्हटलं, बसा, पाणी घ्या. तो बसला नाही, त्याला पुढे अजून पार्सलं होती. पाणी मात्र प्यायला, उभ्यानंच, स्वतःच्या हातानं माठातून घेऊन. एका बाकड्यानं समाज बदलतो असं मी म्हणणार नाही. त्याचं टार्गेट तेवढंच राहिलं, माझे पाच पायऱ्यांवरचे कॉलही तसेच राहिले.

पण आजी आता संध्याकाळी पायऱ्या उतरून त्या लादीवर येऊन बसते. दार उघडं. जाणारे-येणारे थांबतात. झाडू मारणाऱ्या ताई जिना झाल्यावर तिच्या शेजारी टेकतात. परवा मी खालच्या खोलीतून बघितलं, दोघी एकाच ताटलीतला चिवडा खात होत्या आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल मनसोक्त बोलत होत्या.

दादा म्हणतो, फोटोत एंट्रन्स काही खास दिसत नाही. खरंय. त्यात नेहमी कुणीतरी बसलेलं असतं ना.

तर मंडळी, या आठवड्याचा होमवर्क. आज घरी गेल्यावर आजीला, आजोबांना, नाहीतर शेजारच्या कुणा म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा: तुमच्या लहानपणच्या घराला किती पायऱ्या होत्या, आणि कोण कुठल्या पायरीपर्यंत यायचं? फोनवर रेकॉर्ड करा. आणि उत्तर देताना ते गप्प झाले, तर घाई करू नका. तो गप्पपणाही रेकॉर्ड होऊ द्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर दार उघडं ठेवा, आणि हो, मच्छरांची जाळी लावा, शेवटी पनवेल आहे!